अर्धी मात्रा आधी

दोन वर्षं मस्कतहून ऑनलाइन शिकणारी शाल्मली पहिल्यांदाच निमकर गुरुजींसमोर तबला घेऊन बसली. गुरुजींनी पेटीवर लेहऱ्याची धून धरली. तिची सम अर्धी मात्रा आधीच पडली.

“मागे वाघ लागलाय का?” गुरुजी कडाडले. “सुरुवातीला मागे पडायचीस, सगळ्यांसमोर झापलं तेव्हा सुधारलीस. आता पुढे पळतेस?”

“गुरुजी, नेटमुळे माझा ठेका तुमच्यापर्यंत उशिरा पोचायचा. तुमच्याकडे सम बरोबर पडावी म्हणून मी आधीच वाजवायला लागले. आता ती सवय सुटत नाही.”

गुरुजींची बोटं पेटीवरच थांबली. “मग तेव्हाच सांगायचं नाही का?” असं ते म्हणणार, तोच त्यांना आठवलं आणि नजर खाली गेली.

तिने सांगितलं होतं, पहिल्याच आठवड्यात. आणि भर वर्गात ते हसून म्हणाले होते, “नाचता येईना, अंगण वाकडं!”