पिंपावरचं इंजिन

पिरंगुटच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ह्यांनी माझ्या भावाच्या, नथूच्या होडीचं इंजिन दुरुस्तीला घेतलं. पन्नास वर्षांपूर्वी नथू मुळशी धरणात बुडाला. इंजिन सापडलं, तो सापडलाच नाही.

काल दुपारी आमच्या धरणाकाठच्या अंगणात, चालवून बघायला पाण्याच्या पिंपावर इंजिन अडकवलं होतं. मी प्लगची काजळी घासत होते. तेवढ्यात नथूच्या इंजिनाचा तो ओळखीचा आवाज आला : तीन ठोके, मग एक उचकी.

"अहो, प्लग तर माझ्या हातात हाय!"

"अगं, मी दोरी ओढलीच न्हाई अजून."

पिंपातलं पाणी स्थिर होतं. आवाज धरणाकडून जवळ येत होता. पाण्यावर होडी नव्हती.

काठाला लागण्याआधी नथू इंजिन बंद करायचा. आवाज काठाजवळ येऊन तिथंच थांबला.

काठावर धावावं की दार लावून घ्यावं, मला कळेना.