गार हात

यंत्राच्या करवतीने सुताराचे दोन्ही हात नेले होते. पुढे एका आईचा मुलगा गेला, त्याच दिवशी डॉक्टरांनी मुलाचे हात सुताराला बसवले. आज सुतार पहिल्यांदाच तिच्या घरी आला होता. बाहेर कडाक्याची थंडी होती. चहा झाल्यावर त्याने संकोचत उजवा हात टेबलावरून पुढे केला. तिने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“गारठलाय अगदी.”

“थंडीत असंच होतं, मावशी. डॉक्टर म्हणतात, शरीर आधी काळजाला आणि मेंदूला रक्त पुरवतं. हातांची पाळी आली की आखडता हात घेतं.” तो कसनुसं हसला. “त्यात हे नवे...” तो एकदम थांबला. “म्हणजे, मला नवे.”

“रंधा धरता येतो?”

“आता येतो. तुम्ही जरा चोळलात, तर लगेच ऊब येईल.”

“चोळते हं,” ती म्हणाली, पण हात नुसता धरून बसली. लहानपणी लेक बाहेरून खेळून आला की असेच गार हात तिच्यापुढे करायचा. ती चोळून द्यायची, आणि ऊब आली रे आली की तो हात सोडवून पळायचा.