शेवटचा हात

नोटीस आली म्हणून चांगुणा पावसे हर्णैच्या किनारा केंद्रात रांगेत उभी राहिली. समुद्राने परत टाकलेलं प्लास्टिक यंत्राखाली धरलं की समुद्रात पडण्याआधी त्याला शेवटचा हात कुणाचा लागला ते कळे, आणि ज्याची वस्तू त्याने ती घरी न्यायची, असा कायदा होता.

काउंटरवरच्या बाईने चेपलेली पाण्याची बाटली पुढे केली. "हिराजी पावसे तुमचे कोण?"

"माझा नवरा." चांगुणाने बाटली दोन्ही हातांत घेतली. "सहा वर्षं झाली, होडीसकट गेला. त्याचं काहीच हाती लागलं नव्हतं. अजून काय हाय का?"

"असेलही, मावशी. पण कचरा गोळा करायला माणसंच येत नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून चांगुणा पोतं घेऊन किनाऱ्यावर जाऊ लागली. एकेक झाकण, जाळ्याचा एकेक तुकडा ती यंत्राखाली धरायची. नावं सगळी परक्यांची निघायची.

वर्षभरात किनारा लख्ख झाला. गावाने तिला शाल-श्रीफळ दिलं. "आता जरा घरी बस, चांगुणाबाई," सरपंच कौतुकाने म्हणाले.

"घरी कोण हाय?" ती म्हणाली, आणि सकाळी पोतं घेऊन पुढच्या गावाच्या किनाऱ्याकडे निघाली.