किती वेळा सांगायचं तुला

लेक रेडिओवर इंग्रजी बातम्या वाचायची. उच्चारांत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण आईकडे आली की तिची जीभ हमखास घसरायची.

"आई, प्लंबर येऊन गेला का गं?" ती त्यातला 'ब' चांगला ठणकावून म्हणायची.

लगेच आईचं बोट टेबलावर वाजायचं. "प्लमर. त्यातला बी मुका असतो. किती वेळा सांगायचं तुला?"

आईचा सगळा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला होता. हल्ली जेवण झालं की नाही, हेही तिच्या लक्षात राहत नसे. लेकीचं नाव ओठांवर येता येता हरवायचं. पण चुकीचा उच्चार कानावर पडला, की तिच्यातली मास्तरीण खडबडून जागी व्हायची आणि तिच्या मागोमाग आईसुद्धा. त्या एका रागावण्यासाठी लेक रोज वाट वाकडी करून यायची.

आजही ती खुर्ची ओढून आईसमोर बसली. "आई, प्लंबर येऊन गेला. नळ आता गळत नाही बघ."

बोट हललं नाही. तिने पुन्हा म्हटलं, 'ब'वर आणखी जोर देऊन. आईने मान वर केली आणि तिच्याकडे कौतुकाने बघत राहिली.



"इंग्रजी छान आहे हो तुमचं. कोणी शिकवलं?"