अर्जासोबतचा फोटो

"रंग खोटं बोलतात, मावशी. सत्य उतरतं ते फक्त काळ्या-पांढऱ्यात," असं फोटोग्राफर भाच्याने जाहीर केलं आणि एक पाऊल मागे सरकताच तो घोट्यापर्यंत गटारात उतरला.

मावशीच्या शिवणकामाच्या दुकानासमोर ते गटार तीन महिने तुंबलं होतं. हिरवट साय धरलेल्या पाण्यात फुगलेला उंदीर तरंगत होता, आणि शिवलेल्या कपड्यांनाही वास येतो म्हणून गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली होती. तक्रारीच्या अर्जाला जोडायला तिला फक्त एक फोटो हवा होता. भाच्याने तो काढला: समोर गटार, काठावर नाकाला रुमाल दाबून मावशी.

त्याच फोटोला प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं.

"रुपेरी नदी, आणि काठावर हुंदका आवरत उभी असलेली स्त्री," परीक्षक भारावून म्हणाले. "पाण्यात तरंगतंय ते मिटलेलं कमळ, की सोडून दिलेली आठवण? उत्तर ज्याने त्याने शोधायचं."

मावशीला उत्तर ठाऊक होतं. तिने पुन्हा नाकाला रुमाल लावला. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला.

तिच्या पर्समध्ये सकाळीच कचेरीतून परत आलेला अर्ज होता. त्यावर शेरा होता: 'सोबतच्या छायाचित्रात पाणी स्वच्छ दिसते. तक्रार निकाली.'

बक्षीस मिरवत भाचा जवळ आला, तेव्हा ती हळूच म्हणाली,



"छान झालं रे राजा. आता सवड झाली की एक रंगीत काढून दे. उंदीर नवा आहे, पण जागा तीच."