तिघांची बैठक

ब्रनो या चेक शहरातल्या एका कंपनीत ट्रामच्या तिकिटांचं अ‍ॅप बनायचं. नवी सोय करायच्या आधी तिघं एका खोलीत बसून ठरवायचे, की प्रवाशाला नेमकं काय हवंय आणि ते जमलं हे कशावरून ओळखायचं. क्वेता प्रवाशाच्या तोंडून लिहायची, रादिम ते बनवायचा आणि बोहुमिल खोट काढायचा.

"अगं क्वेता, तुझ्या प्रवाशाचा फोन कधी बंदच पडत नाही वाटतं?" बोहुमिल विचारायचा.

"झालं," रादिम म्हणायचा, "आता हा जेवायलासुद्धा सोडत नाही."

यंदा कंपनीने माणसं कमी केली. रादिम आणि बोहुमिल, दोघांचीही कामं यंत्राकडे गेली आणि क्वेता तेवढी उरली.

बैठकीच्या दिवशी ती त्याच खोलीत जाऊन बसली. 'आई म्हणून मला माझ्या फोनवर मुलाचंही तिकीट काढता यावं,' असं लिहून तिने सवयीने मान वर केली. समोर कोणीच नव्हतं. मग तीच बोहुमिलसारखा आवाज जरा घोगरा करून म्हणाली, "आणि मुलगा पुढच्या ट्राममध्ये चढला तर?"

तो प्रश्न तिने खाली लिहून घेतला. मग दोन्ही रिकाम्या खुर्च्या टेबलाखाली सरकवून ती लॅपटॉप मिटून निघाली.

दारातच तिचे वरिष्ठ, ओताकर, भेटले. "संपलीसुद्धा बैठक?" त्यांनी कौतुकाने विचारलं.



"बघ," तेच पुढे म्हणाले, "आता किती पटकन एकमत होतं तुमचं."