वीस मिनिटांची नीळ

"अहो, काहीतरी करा." साहेबांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

"नीळ वाढवलीय साहेब, सहा बत्तीसलाच," मशीनवरची ती म्हणाली. "अजून पोचली नाही."

घड्याळात संध्याकाळचे सहा पन्नास झाले होते. मशीनमधून कागद पिवळट निघत होता. कागद पांढरा दिसावा म्हणून लगद्यात नीळ घालतात. पण ती पडते मागच्या टाकीत आणि दिसते थेट पुढच्या टोकाला, कागद झाल्यावर. एरवी आठ मिनिटं लागतात. आज वाफ कमी होती, मशीन रेंगाळत होतं, म्हणून वीस. हे कुठल्या पडद्यावर दिसत नाही, डोक्यात ठेवून गप्प बसावं लागतं. साहेबांना तेवढा दम कुठला? त्यांनी स्वतःच्या हाताने नीळ आणखी वाढवली.

दोन मिनिटांत कागद पांढराशुभ्र झाला. तिची नीळ पोचली होती.

"बघा, हात हलवावे लागतात," साहेब खुशीत म्हणाले. "सव्वासातला परत येतो. मग ठरवू कोणाला कायम करायचं ते."

जागा एक आणि हंगामी माणसं दोन. दिवसपाळीला ती, रात्रपाळीला तो; पाळी सातला बदलायची. उरलेल्याने महिनाअखेरीला घरी बसायचं. तिच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. साहेबांची जास्तीची नीळ सात दहाला बाहेर येऊन कागद निळा पडणार, म्हणजे त्याच्या पाळीत, साहेब यायच्या तोंडावर. तिने फक्त निघून जायचं होतं. तिने पिशवी खांद्याला लावली, काढली, पुन्हा लावली. स्वतःची लाज वाटत होती.

तो पाच मिनिटं आधीच आला. ती त्याच्या शेजारून दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"सहा पन्नासला साहेबांनी नीळ वाढवलीय. आत्ताच कमी कर. सात दहाला पाचेक मिनिटं निळा कागद येईल, तेवढा बाजूला काढ. घाबरून काही फिरवत बसू नकोस."

त्याने आधी नीळ कमी केली. मग तिच्याकडे न बघता म्हणाला,

"तुझ्या जागी मी असतो ना, तर सांगितलं नसतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "रोज सकाळी पहिली आठ मिनिटं मी तू न सांगता करून गेलेलंच निस्तरत असते."